'सुरनीस' ते 'सचिव' : एका लुप्त दप्तरी शब्दाचा मागोवा (विशेष संदर्भ : भोर व वेल्हे परिसर)

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत काही शब्द असे आहेत की ते वाचता येतात, परंतु त्यांचा नेमका आशय सांगण्याची वेळ आली म्हणजे अभ्यासक अडखळतो. 'सुरनीस' हा त्यांपैकी एक शब्द होय. सतराव्या शतकात हा शब्द स्वराज्याच्या दप्तरात नित्याचा होता. आज तो बोलीत नाही, कारभारात नाही, आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस या त्याच्या भावंडांप्रमाणे आडनाव म्हणूनही तो फारसा पसरला नाही. पाठ्यपुस्तकातील अष्टप्रधानांच्या तक्त्यात 'सचिव (सुरनीस)' असा कंसात तेवढा तो उरला आहे.

या शब्दाचा विचार भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. वेल्हे तालुक्यातील राजगडावर, राजधानी रायगडास जाण्यापूर्वी, स्वराज्याचा कारभार चालत होता. त्या काळी या अधिकाऱ्याचे नाव सुरनीस असे होते. राज्याभिषेकानंतर त्याच पदास 'सचिव' हे नाव मिळाले आणि पुढे ते पद भोरच्या घराण्यात वंशपरंपरेने स्थिरावले. भोरचे अधिपती १९४८ पर्यंत 'पंत सचिव' म्हणून ओळखले जात. म्हणजे जुने नाव वावरले ते राजगडाच्या माचीवर, आणि नवे नाव नांदले ते तेथून एका दिवसाच्या वाटचालीवर असलेल्या भोरच्या वाड्यात. पदनामाचे दोन्ही अवतार इतक्या जवळजवळ नांदल्याची उदाहरणे मराठी मुलखात थोडीच असतील.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकप्रसंगी फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घातले, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. पदनामांच्या एकाच यादीतील काही फारसी शब्द नष्ट झाले, काही आडनावांत शिरले, तर 'पेशवा' हा शब्द इतका बळावला की त्याचा संस्कृत पर्याय सामान्य माणसाच्या स्मरणातही राहिला नाही. आज्ञा एकच असताना परिणाम इतके भिन्न का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'सुरनीस' हे कामाचे नाव होते व 'सचिव' हे मानाचे. काम दुसऱ्या दप्तरात गेले तेव्हा कामाचे नाव निराधार झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शब्दाची घडण

'सुरनीस' हा 'शुरूनवीस' या शब्दाचा मराठी उच्चार होय. 'शुरू' म्हणजे आरंभ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला, आणि 'सुरू' या रूपात तो आजही आपल्या तोंडी आहे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. या 'नवीस'चे मराठीत 'नीस' झाले आणि त्यापासून दप्तरी अधिकाऱ्यांची एक संपूर्ण मालिका तयार झाली. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फडाचा हिशेब ठेवणारा तो फडणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब पाहणारा तो पोतनीस, घडलेल्या हकिकती नोंदविणारा तो वाकनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. या प्रत्येक शब्दात कामाचा निर्देश आहे. कागदावर आरंभाची नोंद करणारा, म्हणजेच ज्याच्या नोंदीवाचून राजपत्र दप्तराच्या दृष्टीने सुरू होत नाही, तो सुरनीस.

राज्याभिषेक शक १ मधील म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानूजाबत्यात प्रत्येक प्रधानाचे कर्तव्य सांगितले आहे. त्यात सचिवाकडे राजपत्रे तपासणे, त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करणे आणि त्यांवर संमतीचे चिन्ह करणे ही कामे दिली आहेत. प्रसंगी युद्धास जाणे व ताब्यातील प्रदेशाचे रक्षण करणे हेही त्याच्या कर्तव्यात येते. परंतु त्याला इतर प्रधानांपासून वेगळे करणारे काम म्हणजे पत्रांची तपासणी. पत्राचा मजकूर चिटणिसाने सिद्ध करावा, राजमुद्रा व मोर्तब व्हावे, आणि त्या पत्राची नोंद व शुद्धता याची जबाबदारी सुरनिसाने घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. आजच्या भाषेत तपासनीस आणि निबंधक या दोघांचे काम या एका पदात एकवटले होते.

राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. जमिनीच्या मोजणीसाठी व धारा ठरविण्यासाठी त्यांचे नाव प्रसिद्ध आहे. पुढे १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, कटाच्या आरोपावरून, त्यांचा शेवट झाला. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे राज्याभिषेकानंतर वीसहून अधिक वर्षांनी, जिंजी येथे लिहिली गेली. राज्याभिषेकाच्या वर्णनात सभासद पदांची नवी नावे देतो, परंतु माणसांचा उल्लेख करताना जुनी ओळखही वापरतो. पदाचे नाव बदलले तरी एका पिढीच्या कानांत जुने नाव घुमत होते, याची ही साक्ष आहे. बखरीतील या दुहेरी उल्लेखाकडे बखरकाराची हयगय म्हणून पाहिले जाते. मला तो समकालीन भाषेचा प्रामाणिक नमुना वाटतो.

कोशकारांची निवड

राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. सुमारे चौदाशे दप्तरी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश दहा वर्गांत विभागलेला असून त्यात दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे व्यवहाराला धरून केलेले भाग आहेत. या कोशाचे कर्तृत्व रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे द्यावे की धुंडिराज व्यासांकडे, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे आहे ते पदनामांचे भाषांतर करताना कोशकाराने अवलंबिलेले धोरण.

'शुरूनवीस' या शब्दाचे शब्दशः संस्कृत करावयाचे असते तर 'आरंभलेखक' अशासारखा शब्द घडविता आला असता. कोशकाराने तसे केले नाही. त्याने 'सचिव' हा प्राचीन राजनीतिग्रंथांतील प्रतिष्ठित शब्द उचलला. संस्कृतात अमात्य, सचिव आणि मंत्री हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. अमरकोशात मसलत देणारा धीसचिव आणि प्रत्यक्ष कार्य करणारा कर्मसचिव असा भेद आहे, परंतु 'सचिव' म्हणजे पत्रे तपासणारा असा अर्थ कोठेही नाही. तेव्हा मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री आणि डबिराला सुमंत ही वाटणी भाषांतराची नसून संकेताची आहे. समानार्थी शब्दांतून एकेक शब्द घेऊन एकेका खात्याला चिकटविला गेला. या निवडीमुळे पदाची प्रतिष्ठा वाढली, पण नावावरून कामाचा बोध होणे थांबले. 'सुरनीस' ऐकणाऱ्याला, निदान दप्तराशी संबंध असलेल्याला, तो काय करतो हे समजत असे. 'सचिव' ऐकणाऱ्याला तो कोण आहे एवढेच समजू लागले.

फारसी शब्दांच्या ऱ्हासाविषयी लिहिताना वि. का. राजवाडे यांची प्रसिद्ध गणना उद्धृत करण्याची प्रथा आहे. त्यांनी निरनिराळ्या काळातील पत्रे घेऊन त्यांतील मराठी शब्दांचे प्रमाण मोजले. १६२८ च्या पत्रात ते शेकडा १४ च्या आसपास, १६७७ च्या पत्रात शेकडा ६२ च्या पुढे आणि १७२८ च्या पत्रात शेकडा ९३ च्या पुढे आढळले. गणना उद्बोधक आहे, आणि ती करण्याची कल्पना सुचणे हेच राजवाडे यांच्या प्रतिभेचे द्योतक आहे. तथापि हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या पत्रांवरून शंभर वर्षांच्या भाषेचा आलेख काढणे धोक्याचे आहे. धार्मिक इनामाच्या पत्राची भाषा वेगळी, वसुलाच्या ताकिदीची वेगळी. पेशवाईच्या अखेरपर्यंत हिशेबाच्या कागदांत जमा, खर्च, बाकी, तहशील, कमाविस, रुजू हे शब्द निर्वेधपणे चालत राहिले. यादीत असलेला शब्दही नेहमी गेला नाही आणि यादीत नसलेला शब्द तर सुरक्षितच राहिला. बाळाजी आवजी यांचे 'चिटणीस' हे पद अष्टप्रधानांत नव्हते. ते बदलले गेले नाही, आणि आज राजकीय पक्षांचे 'सरचिटणीस' तोच फारसी शब्द अभिमानाने मिरवितात.

कागदाच्या तळाशी राहिलेली खूण

'सुरनीस' हा शब्द गेला, तरी त्याच्या कामाची खूण कागदावर राहिली. राज्याभिषेकोत्तर राजपत्रांच्या शेवटी, मोर्तबाच्या आसपास, 'सुरू सूद' आणि 'बार' असे लहान शेरे आढळतात. 'सूद' म्हणजे फारसी 'शुद', झाले. 'सुरू सूद' म्हणजे आरंभाची नोंद झाली. 'बार' हाही कागद दप्तरी दाखल झाल्याचा निदर्शक शेरा आहे. पदावरील माणसाला सचिव म्हणावे असे ठरले, आणि पत्राचा मायना संस्कृतप्रचुर झाला, राजाच्या बिरुदावलीत 'क्षत्रियकुलावतंस' आले, परंतु त्याच पत्राच्या तळाशी सचिवाच्या खात्यातील कारकून 'सुरू सूद' असेच लिहीत राहिला. नाव बदलण्याची आज्ञा पदाला लागू झाली. कारकुनाच्या हाताला पडलेले वळण त्या आज्ञेच्या कक्षेत आले नाही.

या शेऱ्यांकडे साधनांच्या छापील संग्रहांत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. संपादक पत्राचा मजकूर काळजीपूर्वक छापतात आणि शेरे कधी एका ओळीत एकत्र करतात, कधी गाळतात. मजकुराच्या दृष्टीने ते निरुपयोगी असले तरी पत्र दप्तरातून कसे फिरले हे समजण्याचा तोच एक मार्ग आहे. पत्र अस्सल की बनावट हे ठरवितानाही या शेऱ्यांचा उपयोग होतो.

येथे वाचनातील एका सार्वत्रिक चुकीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मावळातील जुन्या कागदांच्या आरंभी किंवा शेवटी 'सु॥' असे संक्षिप्त अक्षर येते व त्यापुढे अरबी संख्यावाचक शब्दांत वर्ष दिलेले असते. हे 'सु॥' म्हणजे 'सुहूर सन'. त्याचा सुरनिसाशी काहीही संबंध नाही. काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडील एका विद्यार्थ्याने आपल्या घरातील मोडी कागदाचे छायाचित्र दाखविले. हा कागद खुद्द सुरनिसाच्या सहीचा आहे, अशी त्या घराण्याची समजूत होती आणि घराण्याच्या माहितीपुस्तिकेत तसे छापलेही होते. वस्तुतः ती सुहूर सनाची खूण होती व कागद गावपातळीवरील साध्या व्यवहाराचा होता. हे त्या विद्यार्थ्याला सांगताना जड गेले, कारण त्याच्या आजोबांनी तो कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला होता. अशी चूक नवख्याकडून होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकानेही एम. फिल.च्या प्रबंधिकेच्या कच्च्या टिपणांत ती केली होती, आणि मार्गदर्शकांनी तांबड्या शाईने ती दाखवून दिली होती.

कागद साधा ठरला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून मिळालेली शकावली याचे उत्तम उदाहरण आहे. १९०७ मध्ये ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध झाली. शिवकालाची कालगणना तिने बदलून टाकली. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे या भागांतील देशमुख-देशपांड्यांच्या घरांत असे कागद होते. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांनी या खोऱ्यांतील अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. घर हलले की दप्तराचे गाठोडे कोठे जाते, याचा हिशेब पुनर्वसनाच्या कोणत्याही नोंदवहीत नसतो. मोडी वाचू शकणारी पिढी संपत असताना ज्या शब्दांचा अर्थ निश्चित करता येईल ते आजच केले पाहिजेत, नाहीतर 'सु॥' म्हणजे सुरनीस असे मानणाऱ्या पुस्तिका हेच उद्याचे साधन ठरेल.

भोरचे सचिव

राजाराम महाराज जिंजीस असताना स्वराज्याचा मावळातील आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील भाग ज्यांनी राखला त्यांत रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण गांडेकर यांची नावे अग्रक्रमाने येतात. याच काळात रामचंद्रपंतांना 'हुकूमतपन्हा' हा फारसी किताब मिळाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'अमात्य' हे संस्कृत नाव धारण करणाऱ्या पुरुषाचा गौरव करण्यासाठी राज्याला फारसी शब्द वर्ज्य वाटला नाही. भाषाशुद्धीचे धोरण राज्याभिषेकानंतर वीस वर्षांत किती लवचीक झाले होते, हे यावरून दिसते.

सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि भोर संस्थानाचा पाया घातला गेला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परत आले तेव्हा शंकराजींपुढे मोठा पेच उभा राहिला. ते ताराबाईंच्या पक्षाशी शपथेने बांधलेले होते. शपथ मोडवत नाही आणि शाहूंविरुद्ध शस्त्र धरवत नाही, अशा अवस्थेत त्यांनी आंबवडे येथे देहत्याग केला, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी आंबवडे येथे आहे. शाहू महाराजांनी त्यांचा अल्पवयीन पुत्र नारो शंकर यास सचिवपद दिले.

पदाच्या इतिहासात हा क्षण निर्णायक आहे. अल्पवयीन मुलगा राजपत्रे तपासू शकत नाही. म्हणजे १७०७ मध्ये जे दिले गेले ते काम नव्हते, तो मान होता व त्यासोबत येणारा मुलूख होता. सुरनिशी ही कर्तबगार माणसाला सांगितली जात असे. सचिवपद आता बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. त्यानंतर दमाजी थोरातांनी नारो शंकर यांना कैद केले, बाळाजी विश्वनाथांनी त्यांची सुटका केली आणि सचिवाच्या मातोश्रींनी पुरंदर किल्ला त्यांच्या हवाली केला. एका प्रधानाच्या सुटकेसाठी दुसऱ्या प्रधानाला किल्ला द्यावा लागतो, यावरून सत्तेचा लंबक कोणत्या बाजूला झुकत होता हे वेगळे सांगावयास नको.

१७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यावर जी वाटणी झाली तीत सचिवाला चौथाईपैकी शेकडा सहा इतका हिस्सा ठरला. त्याला 'साहोत्रा' म्हणत. हाही शब्द आज लुप्त आहे. बाबती, साहोत्रा, नाडगौडा आणि मोकासा अशी ती चौथाईची विभागणी होती, आणि साताऱ्यापासून दूरच्या प्रांतांतही भोरच्या सचिवांचे कारकून साहोत्र्याच्या वसुलीसाठी जात. सचिव हे नाव टिकविण्याचे काम कोशाने केले त्याहून अधिक या शेकडा सहाने केले, असे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण वसुलीच्या पावतीवर दरसाल लिहिले जाणारे नाव कोशातील श्लोकापेक्षा अधिक लोकांच्या नजरेखालून जाते, हे नाकारता येत नाही.

इकडे पत्रे तपासण्याचे व नोंदविण्याचे मूळ काम कोणाकडे गेले? साताऱ्याच्या दरबाराचे महत्त्व जसजसे पुण्याकडे सरकले तसतसे ते पेशव्यांच्या फडावर गेले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर 'फडणीस' या शब्दाने नाना फडणिसांच्या रूपाने सर्व दप्तरी अधिकार आपल्या ठायी गोळा केले. कामाचे एक नाव मेले आणि कामाचे दुसरे नाव वाढले, दोन्ही फारसी घडणीची. तेव्हा 'सुरनीस' हा शब्द फारसी होता म्हणून गेला, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. फडणीसही तितकाच फारसी घडणीचा होता.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, व तो रास्त आहे. 'पेशवा' हा शब्द कामाचा निर्देश करणारा नाही. त्याचा अर्थ पुढे असणारा, अग्रणी असा आहे, म्हणजे तो मानाचाच शब्द. मग 'मुख्य प्रधान' या संस्कृत नावाने त्याची जागा का घेतली नाही? याचे उत्तर मुद्रा आणि मुख यांतील अंतरात शोधावे लागते. पेशव्यांच्या मुद्रांत 'मुख्य प्रधान' हेच नाव अखेरपर्यंत कोरलेले आहे. लोकांच्या तोंडी मात्र 'पेशवे' राहिले. सचिवाच्या बाबतीत मुद्रा आणि मुख यांत असा दुभंग झाला नाही, कारण सचिवाचा संबंध सामान्य रयतेशी आला तो पदाचे नाव बदलल्यानंतरच. भोरच्या रयतेने आपल्या धन्याला सुरनीस म्हणून कधी पाहिलेच नव्हते. पेशवा हा शब्द मात्र राज्याभिषेकापूर्वीच रुळलेला होता. हे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे असा दावा नाही. 'डबीर' आणि 'मुजुमदार' यांचाही असाच स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

गडांच्या नावांची साक्ष

पदनामांबाबत जे घडले तेच याच परिसरातील गडांच्या नावांबाबत घडलेले दिसते. मुरुंबदेवाचा डोंगर 'राजगड' झाला आणि जुने नाव अभ्यासकांपुरते उरले. भोरपचा 'सुधागड' झाला, तोही रुळला. तोरण्याला 'प्रचंडगड' हे नाव दिले गेले, परंतु आजही वेल्ह्याच्या बाजारात कोणी प्रचंडगडाची वाट विचारीत नाही, तोरण्याचीच विचारतो. रोहिड्याचे 'विचित्रगड' झाले व दोन्ही नावे चालत राहिली. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड घेऊन त्यास 'नबीशाहगड' व तोरणा घेऊन त्यास 'फुतूह-उल्-गैब' अशी नावे दिली. त्या नावांचा मागमूस नाही, कारण त्या नावाने वसूल करणारे ठाणे तेथे टिकले नाही.

यात एक बारकावा आहे. संस्थानी काळात भोरचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. सुमारे ९२५ चौरस मैलांच्या या संस्थानाच्या महसुली कागदांत तोरणा नाही, प्रचंडगड आहे. रयतेने न स्वीकारलेले नाव दप्तराने पावणेतीनशे वर्षे जपले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तालुक्यांची फेररचना झाली, आणि प्रचंडगड हे नाव दप्तरातूनही नाहीसे झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास मान्यता दिली तेव्हा त्याची चर्चा नवे नामकरण म्हणून झाली. संस्थानी कागद पाहिलेल्याला त्यात एक जुने तालुकानाम परत आल्याचे दिसेल, जरी त्याच्या सीमा त्याच नसल्या तरी.

इंग्रजी ग्रंथांतील अवशेष

'सुरनीस' शब्दाची शेवटची ठळक नोंद मराठी कागदांपेक्षा इंग्रजी ग्रंथात सापडावी, हा योगायोग म्हणता येणार नाही. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अष्टप्रधानांची जुनी व नवी दोन्ही नावे दिलेली असून 'सुरनीस' हा शब्द 'सूर्नीस' अशा उच्चाराने रोमन लिपीत उतरला आहे. 'सचिव' हा शब्द त्याने 'सुच्यू' असे वाटावे अशा रीतीने लिहिला आहे, आणि भोरचे अधिपती कित्येक इंग्रजी कागदांत याच वेषात वावरतात. ग्रँट डफ हा केवळ ग्रंथकार नव्हता. साताऱ्यास असताना १८२० मध्ये पंत सचिवांसह तेथील जहागीरदारांशी जे करार झाले ते त्याच्याच कारकिर्दीत झाले. पद काय, मान काय आणि मुलूख किती हे ठरविताना त्याला जुन्या नावांची उकल करून घ्यावी लागली. दप्तरातून गेलेला शब्द असा तहनाम्याच्या चौकशीमुळे परक्या भाषेत जतन झाला.

ग्रँट डफच्या लेखनामुळे एक अनर्थही रुजला. इंग्रजी वाचकाला समजावे म्हणून सचिवाचे काम 'सेक्रेटरी'सारखे आहे, अशी ओळख पुढील लेखकांनी करून दिली, आणि उलट प्रवासात 'सेक्रेटरी'ला मराठीत 'सचिव' हा प्रतिशब्द स्थिरावला. आज विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत शंकराजी नारायण हे राजाराम महाराजांचे 'सेक्रेटरी' होते, असे वाक्य आढळते तेव्हा त्यांनी राखलेले गड, त्यांची शपथ आणि आंबवड्याची समाधी या सर्वांचा अर्थ हरवतो. मंत्री मोठा व सचिव धाकटा ही आजची पायरी अष्टप्रधानांना लावता येत नाही. त्या मंडळात दोघेही प्रधान होते, आणि भोरच्या सचिवांच्या वाट्याला जो मुलूख आला तसा वाकनिसाच्या जागी आलेल्या मंत्र्याच्या घराण्याला लाभला नाही. मुंबईचे 'सचिवालय' १९७५ मध्ये 'मंत्रालय' झाले. या नामांतराने आजचा क्रम भाषेतही पक्का केला.

आजचा सचिव

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत आज 'सचिव' हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांच्या संदर्भात. दोन-चार गावांच्या सोसायट्या सांभाळणाऱ्या या माणसाला 'गटसचिव' म्हणतात. त्याच्याकडे मुलूख नाही, साहोत्रा नाही, आणि त्याचे पद बापाकडून मुलाकडे जात नाही. खरिपाच्या तोंडावर शेतकरी पीककर्जाचे कागद घेऊन येतो. गटसचिव सात-बारा पाहतो, नावातील अधिकउणे अक्षर दुरुस्त करवून घेतो, वहीत नोंद करतो, कागदाच्या तळाशी शिक्का मारून छोटी सही करतो. ती झाल्याखेरीज प्रकरण बँकेकडे जात नाही. राजगडावर सुरनिसाचे काम हेच होते.